समुपदेशकांच्या सुपरव्हायझरला कोण शिकवतं? ऑनलाइन प्रशिक्षणाचे अनुभव

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर. मराठवाड्यात एका संस्थेच्या मानसिक आरोग्याच्या कामात ११ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी चार तालुक्यांतल्या सात समुपदेशकांची जबाबदारी माझ्याकडे आली आणि पत्रावर पदनाम आलं 'क्लिनिकल सुपरव्हायझर'. रुग्णाशी कसं बोलावं हे मला शिकवलेलं होतं. रुग्णाशी बोलणाऱ्या माणसाला कसं सांभाळावं, कसं घडवावं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं मी इतरांना करताना पाहिलं तेच केलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांना बोलवायचं आणि रजिस्टर उघडायचं. नवीन रुग्ण किती, फॉलोअप किती, जिल्हा रुग्णालयात किती पाठवले, मध्येच किती गळाले. आकडा कमी दिसला की कारण विचारायचं. मुली 'हो मॅडम' म्हणायच्या, चहा व्हायचा, एसटी गाठायला सगळ्या पळायच्या. ती आढावा बैठक होती आणि मी तिला सुपरव्हिजन म्हणत होते.

गेल्या वर्षी मी खास सुपरव्हायझरांसाठीचं १२ आठवड्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण केलं. त्याआधी केलेले ऑनलाइन कोर्स म्हणजे व्हिडिओ बघा, चाचणी द्या, प्रमाणपत्र उतरवून घ्या. माहिती चांगली असायची, पण सोमवारी ओपीडीत बसल्यावर माझं बोलणं होतं तसंच राहायचं. हे प्रशिक्षण वेगळं निघालं.

आठवड्याला दोन तास आम्ही आठ जण झूमवर भेटायचो, पण खरं काम मधल्या दिवसांत असायचं. प्रत्येकाने आपण समुपदेशकाशी केलेल्या सुपरव्हिजनचं रेकॉर्डिंग पाठवायचं. समुपदेशकाने रुग्णाशी केलेलं बोलणं नंतर. आधी सुपरव्हायझर म्हणून आपण स्वतः कसे बोलतो ते. माझं रेकॉर्डिंग लागलं तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी चौथ्या मिनिटाला ते थांबवलं. माझी समुपदेशक म्हणत होती, "मॅडम, त्या ताईंच्या घरी जायचं म्हटलं की माझे पायच जड होतात." त्यावर मी लगेच म्हटलं होतं, "अगं, असं करून कसं चालेल? पुढच्या वेळी तिच्या सासूलाही सोबत बसव." बाई शांतपणे म्हणाल्या, "तिने तुम्हाला जड पाय सांगितले. तुम्ही तिच्या हातात सासू दिली."

मला ते लागलं. पुढच्या आठवड्यात मी त्याच मुलीचं रुग्णासोबतचं सत्र ऐकलं. रुग्ण बाई म्हणतात, रात्रभर डोळा लागत नाही. आणि ही म्हणते, "असं करून कसं चालेल, ताई?" शब्दन् शब्द माझंच वाक्य! आपल्याकडे समुपदेशन म्हणजे समजूत घालणं असंच लोक धरून चालतात. मी तिची समजूत घालत होते, ती रुग्णाची घालत होती. सुपरव्हायझर जसं वागवतो तसं समुपदेशक रुग्णाला वागवतो, याला पाठ्यपुस्तकात पॅरलल प्रोसेस म्हणतात. ती व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती. ऐकली त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आम्ही नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. रजिस्टरात एका समुपदेशकाच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांपुढे नवव्या प्रश्नाला शून्य होतं. मला वाटायचं, तिच्या भागात धोका कमी आहे. मग तिची चार रेकॉर्डिंग ऐकली. आधीचे आठ प्रश्न ती सावकाश, छान विचारते. नवव्याला आवाज खाली जातो, वेग वाढतो आणि प्रश्न होतो, "आणि असे वाईटसाईट विचार तर येत नाहीत ना?"

त्या शेवटच्या 'ना'ला समोरची बाई दुसरं काय उत्तर देणार? 'नाही' हे उत्तर प्रश्नातच ठेवलेलं आहे. दोन वर्षं मी ते शून्य बघत होते आणि कागदावरून ते कळण्याचा काही मार्ग नव्हता.

तिला रागावले नाही. पूर्वी रागावले असते. विचारलं, "हा प्रश्न विचारताना तुला काय होतं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हो म्हणाल्या तर मी काय करू?" तिला प्रश्नाची भीती नव्हती, उत्तरानंतर एकटं पडण्याची होती.

आता माझे प्रश्न. रेकॉर्डिंगसाठी रुग्णाची संमती तुम्ही कोणत्या शब्दांत घेता? ऊसतोडीला दिवाळीनंतर गेलेल्या रुग्णांची सत्रं फोनवर होतात, त्यांचं सुपरव्हिजन कसं करता? आणि सुपरव्हायझरांसाठीचं असं प्रशिक्षण आणखी कुणी केलंय का?

निशिगंध

'तर येत नाहीत ना' वाचून अंगावर काटा आला. मी शाळांमध्ये काम करते आणि मीही असंच विचारते. उद्यापासून नाही.

मांडवीकाठ

रानजाई, तुम्ही लिहिलंय ते गोव्यात मी रोज अनुभवलं आहे. 'संगत' ही संस्था इथे १९९६ पासून आहे. त्यांनी नैराश्यासाठी 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' म्हणजे हॅप तयार केला. ६ ते ८ सत्रं असतात आणि मानसशास्त्राची पदवी नसलेले स्थानिक समुपदेशक ती देतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर झालेली त्याची चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. लोक त्यातला निकाल सांगतात. त्यामागचं सुपरव्हिजन कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

सत्रं रेकॉर्ड व्हायची आणि दर आठवड्याला गटात एक रेकॉर्डिंग ऐकलं जायचं. प्रत्येकाने ठरलेल्या तक्त्यावर गुण द्यायचे, मग बोलायचं. सुरुवातीला तज्ज्ञ गट चालवायचे, पुढे समुपदेशकच आळीपाळीने चालवू लागले. समुपदेशकांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, हेही तपासून प्रसिद्ध झालं आहे. जिथे मनोविकारतज्ज्ञ आठवड्याला एक तासही देऊ शकत नाही, तिथे ही फार मोठी सोय आहे.

मी नंतर याच पद्धतीने शिकले. पहिल्यांदा माझं रेकॉर्डिंग लागलं तेव्हा तळहात ओले झाले होते. माझं कोकणी सत्र, त्यात मी रुग्णाला सलग सहा मिनिटं व्याख्यान दिलेलं. कुणी हसलं नाही. एका सहकाऱ्याने एवढंच विचारलं, "ती शेवटचं कधी बोलली?" तो प्रश्न अजून माझ्यासोबत आहे.

आता हे गट ऑनलाइन चालतात. अडचण एकच: झूमवर शांतता फार लवकर टोचते, पाच सेकंद गेले की कुणीतरी "आवाज येतोय का?" म्हणतं. आम्ही ठरवून टाकलं की रेकॉर्डिंग संपल्यावर पूर्ण एक मिनिट कुणी बोलायचं नाही, सगळ्यांनी वहीत लिहायचं.

डॉ. अवकाश

मी मनोविकारतज्ज्ञ, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम केलं आहे. धागा महत्त्वाचा आहे, पण काही गोष्टी पक्क्या करायला हव्यात.

एक, गोपनीयता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. रेकॉर्डिंग समुपदेशकाच्या खासगी फोनवर राहता कामा नये, व्हॉट्सॲपवर तर मुळीच फिरता कामा नये. ऐकून झालं, नोंद झाली की पुसायचं आणि कधी पुसलं तेही लिहायचं.

दोन, नववा प्रश्न. समुपदेशकाला तो नीट विचारायला शिकवलं, तर 'हो' म्हणणारे रुग्ण वाढणार, वाढलेच पाहिजेत. पण मग त्या 'हो'नंतरची वाट आधी तयार हवी. तुमच्या मुलीने विचारलेला "मी काय करू?" हा प्रश्न अगदी योग्य आहे. प्रशिक्षणात विचारायला शिकवलं आणि मागे कुणी उभं नसलं, तर आपण तिच्यावर आणि रुग्णावर, दोघांवरही अन्याय करतो.

आणखी एक मनातलं. माझ्या पिढीच्या मनोविकारतज्ज्ञांना सुपरव्हिजन म्हणजे राउंडवर ज्युनिअरला चार लोकांसमोर प्रश्न विचारणं एवढंच माहीत. आम्हालाही हे प्रशिक्षण लागेल. मी स्वतः घ्यायला तयार आहे.

रानजाई

डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं.

वाटेबद्दल: त्या मुलीशी बोलल्यानंतर आम्ही सातही जणींनी मिळून ती एका पानावर लिहून काढली. नवव्याला शून्याच्या वर काहीही आलं तर महिनाअखेरची वाट बघायची नाही, मला त्याच दिवशी फोन. मी गाडीत असो, लग्नात असो, उचलणार. समुपदेशक तिथून उठायच्या आधी विचारणार: आज घरी कोण आहे, आधी कधी प्रयत्न केला होता का, काही ठरवलं आहे का. आणि घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय. आमच्या भागात हा प्रश्न जीव वाचवणारा आहे. तणनाशकाचा डबा शेजारच्या घरी कुलपात गेला तर ती रात्र तरी निघते. धोका जास्त वाटला तर रुग्णाला एकटं सोडायचं नाही, सोबत जाऊन जिल्हा रुग्णालयात दाखवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कागदावर लिहून द्यायचा आणि तिथेच एकदा लावून दाखवायचा, कारण नुसता दिलेला नंबर लोक लावत नाहीत.

ते पान झाल्यावर 'ना' आपोआप गळाला. मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

गटप्रवर्तक_ताई

मी जास्त शिकलेली नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडे २१ आशा आहेत. त्यांचं मी जे बघते त्याला सुपरव्हिजन म्हणतात का ते ठाऊक नाही.

दोन वर्षांमागे आमच्या एका आशाच्या वस्तीत एक तरुण शेतकरी गेला. आठ दिवस आधीच ती त्याच्या घरी प्रश्नावली भरून आली होती. त्याने सगळ्याला 'ठीक आहे' म्हटलं होतं. नंतर वरून फोन आला तो फॉर्म कुठे आहे, तारीख काय टाकली, सही आहे का, एवढंच विचारायला. तिची झोप गेली. स्वयंपाक करता करता मध्येच उठून दारात उभी राहायची. मला म्हणाली, "ताई, मी अजून थोडा वेळ बसले असते तर?"

मला काय बोलावं सुचलं नाही. तिच्या घरी जाऊन बसले. भाकरी मी थापल्या. तीन-चार संध्याकाळी गेले. नंतर तीच बोलायला लागली.

त्यानंतर आम्हाला मानसिक आरोग्याचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. लक्षणं, औषधं, कुठे पाठवायचं, सगळं होतं. पण असं झाल्यावर आशाला कोण बघणार, हे त्यात नव्हतं. तुमच्या प्रशिक्षणात आहे का?

रानजाई

ताई, आहे, आणि तुम्ही ते न शिकता केलंत. सुपरव्हिजनची तीन कामं मानतात: शिकवणं, काम योग्य चाललंय ना ते पाहणं आणि काम करणाऱ्याला पुन्हा उभं करणं. इंग्लंडमधल्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८०च्या दशकात ही मांडणी केली. आपल्या यंत्रणेत दुसऱ्या कामाचाच आवाज मोठा आहे. तिसरं काम तुम्ही केलंत. परवानगी असेल तर तुमची ही गोष्ट नाव-गाव न सांगता मी माझ्या गटात सांगेन.

टेम्सकाठची

मी इंग्लंडमध्ये एनएचएस म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या टॉकिंग थेरपीज या समुपदेशन सेवेत आहे, मूळची सोलापूरची. ही सेवा २००८ मध्ये आयएपीटी नावाने सुरू झाली. इथे सौम्य-मध्यम त्रासासाठी जे प्रॅक्टिशनर असतात, त्यांना दर आठवड्याला एक तास केस मॅनेजमेंट सुपरव्हिजन मिळतं आणि दर पंधरवड्याला कौशल्यांचं वेगळं सुपरव्हिजन. दोन्ही वेगळे ठेवणं हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पहिल्यात नवीन रुग्ण, धोका असलेले रुग्ण, प्रश्नावलीतले त्रासाचे गुण कमी न होणारे, बरेच दिवस चर्चेला न आलेले, असे सगळे पटापट बघायचे. दुसऱ्यात एकाच सत्राच्या दहा मिनिटांत खोल जायचं.

रानजाई, तुमची शनिवारची बैठक फेकून देऊ नका. ती पहिल्या प्रकारची आहे, तिला दुसऱ्याची जोड हवी.

कोविडपासून माझं सुपरव्हिजन ऑनलाइनच आहे. ऑनलाइनमध्ये मला हरवलेली एक गोष्ट सांगते: सत्रानंतर कॉरिडॉरमध्ये भेटणारा सहकारी. "काय गं, चेहरा का उतरलाय?" असं विचारणारं माणूस पडद्यावर नसतं. म्हणून माझी सुपरव्हायझर पहिली पाच मिनिटं केस उघडूच देत नाही.

चौकट

इतरांपेक्षा थोडं वेगळं मत मांडतो. मी आरोग्य यंत्रणेत प्रशिक्षणाच्या बाजूला होतो. सातजणींना एक सुपरव्हायझर, रेकॉर्डिंग, बारा आठवडे, हे एखादी संस्था करू शकते. जिल्ह्याची पदं रिकामी असताना रेकॉर्डिंग ऐकायला वेळ कुठून आणायचा? आम्ही घेतलेल्या एका प्रशिक्षणात हजेरी म्हणून सेल्फी मागवायचे आणि व्हिडिओ शंभर टक्के चालला की प्रमाणपत्र. लोक फोन खिडकीत ठेवून कामाला लागायचे. त्यांना दोष देत नाही, ओपीडी थांबत नव्हती.

तरीही ऑनलाइन नकोच असं नाही. प्रोजेक्ट एको बघा. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस सी साठी सुरू केला. मध्यभागी तज्ज्ञ, गावोगावचे डॉक्टर पडद्यावर, प्रत्येक वेळी कुणीतरी आपली खरी केस मांडणार. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने मानसिक आरोग्यासाठी ती पद्धत घेतली, २०१८ पासून त्यांची डिजिटल अकॅडमीही आहे. त्यात एका तज्ज्ञाचा तासभर अनेक जिल्ह्यांना पुरतो.

मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात तर आशांना हॅप शिकवताना समोरासमोर, नुसतं डिजिटल, आणि डिजिटलसोबत दुरून माणसाचा आधार, असे तीन गट करून पाहिले गेले. तिसरा गट केला यातच मला उत्तर दिसतं: व्हिडिओच्या मागे माणूस लागतो.

मांडवीकाठ

चौकट, वेळेचा मुद्दा खरा आहे. पण तीस मिनिटांचं पूर्ण सत्र ऐकायची गरज नाही. आम्ही दहा मिनिटांचा तुकडा घेतो आणि तो समुपदेशकानेच निवडायचा, 'इथे मी अडले' असा. महिन्यातून एखादा सुपरव्हायझरने निवडायचा, कारण अडल्याचं कळतच नाही तेही ऐकायला हवं. रानजाईंच्या समुपदेशकाच्या 'ना'सारखं.

आणि अमरावती जिल्ह्यातला 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प आठवा. ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी काम केलं आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. इतके लोक दारात आल्यावर त्यांच्याशी काय बोललं जातं, हे कुणी ऐकलंच नाही तर?

चौकट

दहा मिनिटांचा तुकडा. हे मान्य. हे जिल्ह्यातही होऊ शकतं.

पाऊलवाट

तांत्रिक बाजूचं सांगतो. व्हिडिओ नको, फक्त आवाज. फाइल लहान होते, रेंज नसलेल्या गावातूनही रात्री चढते, आणि चेहरा नसल्याने रुग्णही मोकळे होतात. ऊसतोडीच्या फडांवरची फोनवरची सत्रं: संध्याकाळी सातनंतरच बाई सापडते, फोन बहुतेक नवऱ्याचा असतो आणि तो शेजारीच उभा असतो. आमच्या समुपदेशक आधी विचारतात, "आत्ता मोकळं बोलता येईल का? फक्त हो किंवा नाही सांगा." 'नाही' आलं तर जेवणखाण, पोरांची शाळा एवढंच बोलून ठेवायचं. ते सत्र मोजायचं नाही आणि रेकॉर्डही करायचं नाही.

एक प्रशिक्षण साधनही सुचवतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचं 'इक्विप' हे व्यासपीठ मोफत आहे, २०२२ पासून सर्वांना खुलं. त्यातलं 'एनॅक्ट' हे मोजमाप मुळात नेपाळमध्ये तयार झालं. १५ कौशल्यं, प्रत्येकाला चार पायऱ्या, आणि सगळ्यात खालची पायरी म्हणजे रुग्णाला हानी होऊ शकेल असं वागणं. आधी रोल-प्लेवर वापरा, खऱ्या रुग्णावर नंतर.

निशिगंध

संमतीच्या शब्दांचं राहिलं. कुणी आपलं वाक्य इथे देईल का, जसंच्या तसं?

मांडवीकाठ

आमचं मराठीतलं असं आहे: "मी तुमच्याशी नीट बोलते की नाही, हे माझ्या वरच्यांना तपासायचं असतं. त्यासाठी आपलं बोलणं रेकॉर्ड करू का? ते माझ्या चुका शोधायला आहे, तुमच्या नाही. ऐकून झालं की पुसून टाकतात. नको म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. मध्येच बंद कर म्हणालात तरी करीन."

रानजाई

मांडवीकाठ, हे वाक्य आज आमच्या गटात मोठ्याने वाचलं. सगळ्यांना आवडलं, फक्त 'माझ्या वरच्यांना' हे शब्द खटकले. आमच्याकडे वरचे म्हटलं की बाया साहेब समजतात आणि गप्प होतात. अर्धा तास चर्चा झाली. शेवटी तीच मुलगी, नवव्या प्रश्नाची, म्हणाली, "मॅडम, 'मला शिकवणाऱ्या ताईंना' असं म्हणू या का?"

तेच ठेवलं आहे. सोमवारपासून चारही तालुक्यांत ह्याच शब्दांत विचारणार. दहा मिनिटांच्या तुकड्यांचा पहिला गट गुरुवारी दुपारी तीनला, झूमवर. पहिलं रेकॉर्डिंग माझं लावणार आहे.